मूल एक, वह्या तीन

आपल्या संघाच्या पत्रकात तापीचे पाणी, केळीचा भाव, यंत्रमागाची वीज आणि मराठीचे दुखणे यांवर नेहमी लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. आज आम्ही ज्या विषयावर लिहीत आहोत तो यांच्याइतकाच आपल्या घरातला आहे, पण सभेत तो कधी निघत नाही. जैनाबादेत, नदीपलीकडे बुऱ्हाणपुरात आणि आसपासच्या गावांत आपल्या जुन्या मराठी कुटुंबांतून अशी मुले आहेत की ज्यांना चालायला, बोलायला, ऐकायला किंवा शिकायला इतरांपेक्षा जास्त मदत लागते. लग्नाच्या पंगतीत ती दिसत नाहीत. त्या दिवशी त्यांना माडीवर नाहीतर मावशीकडे ठेवलेले असते. शाळेच्या पटावर मात्र ती आहेत, दवाखान्याच्या कागदावर आहेत, सरकारी तक्त्यातही आहेत. प्रश्न एवढाच की शाळा, दवाखाना आणि घर या तीन ठिकाणची माणसे त्या मुलाबद्दल एकमेकांशी बोलतात का? आमचे स्पष्ट मत असे आहे की बोलत नाहीत. आणि ती बोलत नाहीत तोवर कोणत्याही योजनेचा पुरता लाभ त्या मुलाला मिळणार नाही.

आम्ही बँकेत लिपिक. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: एकाच खात्याच्या नोंदी तीन ठिकाणी होत असतील तर त्यांचा मेळ घातल्याशिवाय दिवस संपत नाही. या मुलांच्या बाबतीत मेळ घालायला कोणी बसतच नाही. गुरुजींची एक वही. तीत हजेरी आणि 'प्रगती असमाधानकारक' असा शेरा. थेरपिस्टची एक फाइल. तीत व्यायाम आणि तपासणीचे गुण. तिसरी वही आईची. ती कागदावर नसते, तिच्या डोक्यात असते. मूल कशाने शांत होते, कोणता आवाज ऐकून घाबरते, शू लागली की कोणती खूण करते, हे सगळे त्या वहीत. पहिल्या दोन वह्या सही-शिक्क्याच्या म्हणून खऱ्या, आणि तिसरी 'बाईंचे म्हणणे' म्हणून सोडून दिलेली.

जरा हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. शाळेचे सहा दिवसांचे, साडेपाच तासांप्रमाणे, ३३. थेरपी मिळालीच तर आठवड्याला एक तास, आणि बहुतेकांना तोही मिळत नाही. उरले १३४ तास, ते घरचे. झोपेचे निम्मे वजा केले तरी सर्वांत मोठा वाटा घराचाच राहतो. मग ज्याच्याकडे एक तास आहे त्याने ज्याच्याकडे १३४ तास आहेत त्याला न विचारता योजना आखली, तर ती टिकणार कशी? आणि ज्याच्याकडे १३४ तास आहेत त्याला त्या एका तासात काय चालले हे कळलेच नाही, तर तो एक तास वाया गेला नाही का?

हे नुसते बोलणे वाटू नये म्हणून एकदोन गोष्टी सांगतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांचे पाय ताठ होतात आणि कात्रीसारखे एकमेकांवर जातात. फिजिओथेरपिस्ट ते सैल करण्याचे व्यायाम देतो. मूल शाळेत टाटपट्टीवर बसते, तेव्हा तोल सांभाळायला गुडघे पुढे आणि पावले दोन्ही बाजूंना मागे टाकून बसते. गुरुजींना वाटते, बसला बुवा एकदाचा स्वस्थ. पण अशा बसण्याने त्या मुलाचे पाय आणखी आखडतात आणि सकाळचा व्यायाम दुपारपर्यंत पुसला जातो. गुरुजींचा यात दोष नाही, कारण त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. आता घरची बाजू पाहा. आपल्या आज्या अशा मुलाला पाय दोन्हीकडे करून कडेवर घेतात. शिकलेली सून म्हणते, 'आता तो मोठा झाला, कडेवर नको.' डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतल्या एका खेड्यातील अनुभवावरून अपंग मुलांसाठी लिहिलेला ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला. पाय कात्रीसारखे होणाऱ्या मुलाला पाय फाकवून धरावे, हीच त्यातली शिकवण आहे. म्हणजे आजी उपचारच करीत होती! आजी, गुरुजी आणि थेरपिस्ट एकदा एका सतरंजीवर बसले असते, तर हे पाच मिनिटांत उलगडले असते.

वागणुकीचेही तसेच. मूल ओरडले की घरी बिस्किट मिळते, शाळेत रागावणे मिळते आणि थेरपीच्या खोलीत दुर्लक्ष मिळते. तीन ठिकाणी तीन कायदे. त्यातून मूल एकच गोष्ट शिकते, की आणखी जोरात ओरडावे. तिघांनी ठरवून एक खूण, एक शब्द आणि एक प्रतिसाद ठेवला तर काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. लागते ती फक्त एकवाक्यता.

आता आपल्या संघाच्या मुख्य विषयाकडे, म्हणजे भाषेकडे येतो. आमच्या ओळखीच्या एका घरातील मुलाचे बोलणे उशिरा सुरू झाले. त्याला शहरात तपासणीला नेले. मांजराचे चित्र दाखवून विचारले, 'यह क्या है?' मूल म्हणाले, 'माऊ.' अपेक्षित उत्तर 'बिल्ली'. कैंचीला ते 'कात्री' म्हणाले. कागदावर दोन्ही उत्तरे चूक. शेवटी आईला सल्ला मिळाला की मूल गोंधळते आहे, घरात मराठी बंद करा, एकच भाषा बोला. त्या माउलीने तो पाळला. तिचे स्वतःचे हिंदी बाजारापुरते. परिणाम काय झाला? मूल बोलके होण्याऐवजी आईच अबोल झाली. जी दिवसभर त्याच्याशी बडबडत असे, ती आता शब्द शोधत बसली. आणि आजीला हिंदी येतच नसल्याने तिचे नातवाशी बोलणे जवळजवळ तुटले.

वाचक बंधू-भगिनींनो, हा सल्ला अनेक घरांना मिळतो आणि तो चुकीचा आहे. दोन भाषांच्या घरामुळे मुलाचे बोलणे लांबते किंवा बिघडते, याला संशोधनाचा आधार नाही. कॅनडात डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन भाषा बोलणाऱ्या मुलांचे इंग्रजी, फक्त इंग्रजी बोलणाऱ्या तशाच मुलांपेक्षा कमी आढळले नाही. ज्या भाषेत आईला सहज, भरपूर आणि मायेने बोलता येते, तीच अशा मुलासाठी पहिली भाषा. हिंदी तिच्यावर चढते, तिला काढून टाकून नव्हे. ज्या थेरपिस्टला मराठी येत नाही त्याने ते शिकावे असा आमचा हट्ट नाही. पण तपासणीच्या वेळी आईला शेजारी बसवून 'घरी याला काय म्हणता?' एवढे विचारायला काय हरकत आहे? 'माऊ' हे बरोबर उत्तर आहे, हे सांगायला दुसरे कोणी त्या खोलीत नव्हतेच.

यात आपला हक्कही आहे. बुऱ्हाणपूर ही फारुकींच्या खानदेशाची राजधानी. शहराला नाव मिळाले सूफी संत बुऱ्हानुद्दीन यांचे, आणि नदीच्या अलीकडच्या आपल्या गावाला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांचे. दोघांचीही समाधिस्थाने खुलताबादेत आहेत. इतके जुने आपले नाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला. याच वेळी सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करावी, असे ते सांगते. सीमा आखताना जे आपल्याला मिळाले नाही त्याचीच ही भरपाई होती. धडधाकट मुलाच्या बाबतीत हे कलम कागदावर राहिले तरी ते मूल हिंदीत निभावून नेते. ज्याचे बोलणेच अडखळते त्याच्यापुढे दुसरा रस्ता नसतो. म्हणून हे कलम सर्वांत आधी अशाच मुलांसाठी वापरले पाहिजे. आणि हे फक्त मराठीपुरते नाही. आपल्या जिल्ह्यात कोरकू, बारेला, बंजारा आणि उर्दू बोलणारी घरे आहेत. त्यांच्या मुलांचेही हेच दुखणे आहे. आपण आवाज उठवला तर तो त्यांच्यासाठीही असावा.

पालकांना बरोबर घेण्याची कल्पना काही आजची नव्हे. आपल्या देशातील या क्षेत्रातल्या मोठ्या संस्था मुळात पालकांनीच काढल्या. १९४४ मध्ये मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीला कोणतीही शाळा घेईना म्हणून शाळा सुरू केली. तीच आजची 'जय वकील' संस्था. तिने तयार केलेला 'दिशा' अभ्यासक्रम महाराष्ट्रातील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळांत वापरला जातो आणि तो मराठीत आहे. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी आपली मुलगी मालिनी हिच्यासाठी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटीची शाळा काढली. शिक्षण आणि उपचार एका छपराखाली आणणे हेच तिचे वैशिष्ट्य होते. मालिनी चिब यांनी पुढे लंडनमधून दोनदा एम.ए. केले. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलासाठी लेखी वैयक्तिक आराखडा बंधनकारक केला आणि तो ठरवणाऱ्या बैठकीत आई-वडिलांना हक्काची खुर्ची दिली. पालकांना इंग्रजी येत नसेल तर शाळेने दुभाषा द्यावा, असेही तिथले नियम सांगतात. तिथे जे कायद्याने मिळते, ते आपल्याकडे निदान समजुतीने तरी मिळावे.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नव्हे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस झाले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी एक केंद्र असावे आणि तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक एकत्र असावेत, अशी रचना आहे. शिक्षण विभागाकडे गावोगाव फिरणारे सल्लागार आहेत. २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने पहिली ते पाचवीसाठी १० दिव्यांग मुलांमागे आणि सहावी ते आठवीसाठी १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. ७ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्याप्रमाणे पदे मंजूर करून जाहीर करायला सांगितले. म्हणजे माणसे नेमण्याची भाषा सगळीकडे आहे. नेमलेल्या माणसांनी एकत्र बसण्याची सक्ती मात्र कुठे दिसत नाही. आरोग्य विभागाचा कागद आरोग्य विभागात, शिक्षण विभागाचा शिक्षण विभागात, आणि आई दोन्हीकडे रांगेत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, वेळ कुठे आहे? गुरुजींना निवडणुकीचे काम, मध्यान्ह भोजनाचे काम, गणनेचे काम. थेरपिस्ट एक आणि मुले असंख्य. हे खरे आहे आणि त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण म्हणूनच एकत्र बसणे जास्त गरजेचे आहे. जिथे तज्ज्ञ भरपूर आहेत तिथे प्रत्येकाने आपापला भाग स्वतंत्र केला तरी चालून जाते. जिथे तज्ज्ञ महिन्यातून एकदा येतो तिथे त्याने आपले काम गुरुजींच्या आणि आईच्या हातात द्यावे लागते. कणीक मळणे, शेंगा सोलणे, धान्य निवडणे, रंगांप्रमाणे सुताच्या कांड्या लावणे हे आपल्या घरात रोज चालते. बोटांच्या व्यायामाला याहून चांगले साहित्य कोणते? कोणते काम, किती वेळ आणि कशा बैठकीत, एवढे तज्ज्ञाने सांगावे. एका मुलामागे तीन महिन्यांतून पंधरा मिनिटे दिली तरी वर्षाचा एक तास होतो.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांकडून येईल, की घरच्या गोष्टी चारचौघांत कशाला? आम्हाला वाटते, आपल्या जुन्या घराण्यांनी याचा प्रामाणिक विचार करावा. घराण्याची अब्रू जपण्याच्या नावाखाली आपण मूल लपवतो, नवस बोलतो, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे धावतो आणि सगळा भार एकट्या आईवर टाकतो. वरून 'तुझ्याच माहेरचे असेल' हे ऐकवायलाही कमी करीत नाही. शाळेने बोलावले तर वडील जात नाहीत, आजोबा तर नाहीच नाही. पालक म्हणजे फक्त आई, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? टेबलावर आपल्याला खुर्ची हवी असेल तर त्या खुर्चीवर जाऊन बसायलाही हवे.

आमच्या बँकेच्या कामातली एक गोष्ट इथे सांगणे भाग आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेले मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र घेता येते. बँकांनी ते खात्यासाठी ग्राह्य धरावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये कळवले आहे. त्या समितीत कोण असते? जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. म्हणजे त्या मुलाच्या मालमत्तेचा प्रश्न आला की सरकारलाही वाटते, तिघांनी मिळून ठरवावे. मग त्याच्या शिक्षणाचा प्रश्न आला की एकेकट्याने का? याच न्यासाच्या 'निरामय' विम्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च धरला जातो. आपल्यापैकी किती घरांनी तो घेतला आहे?

तक्रार करून थांबणे बरोबर नाही. म्हणून संघाच्या येत्या सभेपुढे आम्ही पुढील सूचना ठेवीत आहोत.

१. प्रत्येक मुलाची एकच वही असावी. ती मुलाबरोबर शाळा, दवाखाना आणि घर अशी फिरावी. गुरुजी, थेरपिस्ट आणि घरचे माणूस यांनी तीत दोन-दोन ओळी लिहाव्यात. आईला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे आणि थोरल्या भावंडाने लिहावे. वह्यांचा खर्च संघाने करावा.

२. तीन महिन्यांतून एकदा संघाच्या सभागृहात संयुक्त बैठक व्हावी. सभागृहाचे भाडे घेऊ नये. शिक्षण आणि आरोग्य या दोन्ही विभागांना संघाच्या शिक्क्याने लेखी निमंत्रण जावे. बैठकीला कोणत्याही समाजाचे पालक येऊ शकतील, हे निमंत्रणातच लिहावे.

३. आपले निवृत्त मराठी शिक्षक आणि शिक्षिका यांनी दुभाषा म्हणून तपासणीला सोबत जावे. मराठी शब्दांची चित्रे करून द्यावीत. रावेर इथून तासाभराच्या आत आहे. तिकडच्या विशेष शाळांना मराठी साहित्य मागितले तर ते नाही म्हणणार नाहीत.

४. जिल्ह्यात विशेष शिक्षक आणि थेरपिस्ट यांची मंजूर पदे किती, भरलेली किती, याची माहिती अधिकारात विचारणा संघाने करावी आणि उत्तर याच पत्रकात जसेच्या तसे छापावे.

५. मंगळवारच्या जनसुनावणीत संघाच्या शिष्टमंडळाने एकच लेखी मागणी द्यावी, ती अशी: दिव्यांग मुलाच्या प्रत्येक तपासणीत आणि आराखड्यात घरच्या माणसाची सही असावी आणि घरची भाषा नोंदवावी.

यातील पहिल्या तीन सूचनांना सरकारची परवानगी लागत नाही, त्या आपल्याच हातात आहेत. निवडणुकीच्या दिवसांत सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या ओट्यावर येतात आणि मराठी मतांची विचारपूस करतात. पुढच्या वेळी त्यांना पूल आणि रस्ता यांबरोबर हेही विचारावे. मात्र त्याआधी आपण आपल्या घरात विचारावे की माडीवर ठेवलेले ते मूल पुढच्या लग्नात पंगतीला बसणार आहे की नाही. सभेच्या दिवशी त्या मुलांनाही बरोबर आणावे, ही नम्र विनंती.